बोरीच्या डोहातली माही

निजामी अमलात मी तहसील कचेरीत कारकून होतो. चव्वेचाळीसच्या मे महिन्यात आमच्या साहेबांना खडशी मासा जिवंत हवा झाला. हैदराबादेत कुणाच्या तरी हौदात सोडायला. पूर्वी बोरी नदीत हातभर लांब खडशा सगळीकडं असत. आता उन्हाळ्यात नदी आटली की उरलेल्या दहा-बारा एकाच खडकाळ डोहात गोळा होत. आणखी कुठं असल्या तर त्यांनी कचेरीला कळवलं नव्हतं.

कचेरीची भाषा उर्दू. हुकमात माशाला 'माही' लिहायचं. मी एका अक्षरानं चुकलो आणि 'माई' लिहिलं. साहेबांनी न वाचता सही केली, कारण ते साहेब होते.

कागद घेऊन मीच गेलो. दवंडी जागेवर द्यायची रीत, म्हणून पटवारी महालिंगप्पांनी तो डोहाच्या काठी वाचला : "या डोहातली माई तीन दिवसांत जिवंत हजर करावी."

डोहाचा राखणदार धुळाप्पा माझ्यापुढं आला.

"सायेब, माझ्या मायला सारं गाव माईच म्हणायचं. माशास्नी लाह्या टाकाया गेली अन् पाय घसरला. बारा वर्सं झाली, मढंबी घावलं न्हाय... ती हितंच हाय, हे सरकारला कसं कळलं?"

चूक कबूल केली तर नोकरीवर बेतलं असतं. "हुकूम आहे," मी म्हणालो.

"मंग यील ती. सरकारला लई भ्यायची."

दवंडीचा डफ वाजला. एरवी डफ ऐकून तळाशी जाणाऱ्या खडशा वर आल्या आणि दोन रांगांत थांबल्या. मधलं पाणी मोकळं राहिलं.

तिसऱ्या दिवशी भर दुपारी शिपाई आयुब टेबलापाशी आला.

"मुन्शीजी, एक बुढ्ढी आयी है. पूरी भिगेली... 'हाजिर है' बोलती."

मी हुकमांच्या नकला करत होतो. मान वर न करता, रोज दहादा म्हणायचो तेच म्हणालो, "उद्या या म्हणावं."

थोड्या वेळानं धुळाप्पा धापा टाकत आला. हातात कोरडं लुगडं होतं.

"माय कुठं हाय?"

"उद्या बोलावलंय."

"मंग बसतो," म्हणून तो ओसरीवर बसला.

सकाळी कचेरी उघडली तेव्हा तो नव्हता. पायऱ्यांवरून ओल्या पावलांच्या दोन जोड्या नदीच्या वाटेला लागल्या होत्या. डोह तिथून दोन कोस. तिथं एकही खडशी उरली नाही, हे आठवड्यानं कळलं.

त्याच दिवशी दुपारी उन्हानं पायरीच्या फरशीवर हात टेकवत नव्हता. आयुबनं ती पावलं तीनदा पुसली. चौथ्यांदा त्यानं फडकं खाली ठेवलं आणि हळूच म्हणाला, "रहने दो, मुन्शीजी... ताजे हैं."