मामाच्या हनुवटीवरच्या बातम्या

"आज मामाच्या हनुवटीवर पाऊस पडणार आहे!" भोंगा ओरडला.

मामा न्हाणीघरातून बाहेर येत होता. त्याच्या गालावर आणि हनुवटीवर वर्तमानपत्राचे बारीक बारीक कपटे चिकटले होते. दाढी करताना कापलं की कागदाचा ओला कपटा लावायचा, ही त्या घरातली जुनी रीत. हनुवटीवरच्या कपट्यावर 'हवामान' एवढाच शब्द वाचता येत होता.

"आणि गालावर क्रीडा!" टाचणी म्हणाली. "बाबा, उद्या अग्रलेख लावा."

भोंग्याचा आवाज गल्लीच्या टोकापर्यंत जाई, म्हणून तो भोंगा. त्याची मोठी बहीण उठल्यापासून 'का' आणि 'कसं' विचारत सुटे, म्हणून ती चौकशी. दोघं सुट्टीला मामाकडे आली होती. टाचणी ही मामाची मुलगी. अंगाने बारीक आणि जिभेने टोकदार!

एरवी मामा अशा थट्टेवर सगळ्यांच्या वरताण काहीतरी बोलला असता. पण आज तो नुसता खुर्चीत बसला आणि मामीला म्हणाला, "संध्याकाळी मुकादम येईल. त्याला नाही सांगून टाकतो."

मामीच्या हातातला चहाचा पेला तसाच राहिला. "अहो, नव्या चित्रगृहाची पाटी! एवढं मोठं काम कधी मिळालं नव्हतं तुम्हाला."

"परांचीवर चढून माणसापेक्षा उंच अक्षरं रंगवायची, आणि तीही थरथरत्या हाताने?" मामाने उजवा हात उलटासुलटा करून पाहिला. "बाबांचंही असंच सुरू झालं होतं. आधी दाढी करताना कापायला लागलं, मग कुंचला हातात राहीना. रोज कापतंय मला. इतकी वर्षं याच रेझरने दाढी केली, कधी ओरखडा नाही. दोष हातातच आहे."

आजोबा पाट्या रंगवायचे, मामाही तेच करतो, हे मुलांना ठाऊक होतं. मामाने पाट्या रंगवायचं सोडलं तर तो मामा राहील कसा?

चहा झाल्यावर मामा अंगणात शिंप्याच्या दुकानाची छोटी पाटी पुरी करायला बसला. चौकशी त्याच्या मागे जाऊन उभी राहिली. मामाने कुंचला लाल रंगात बुडवला, श्वास रोखला आणि पाटीच्या कडेने या टोकापासून त्या टोकापर्यंत एक रेघ ओढली. पट्टी नाही, दोरी नाही, तरी सुतासारखी सरळ!

चौकशीने इतर दोघांना खुणेने पडवीत बोलावलं. "हात थरथरतो, तर रेघ का थरथरत नाही?"

"हात फक्त न्हाणीघरात थरथरत असेल," भोंगा म्हणाला.

"हात काय भित्रा आहे? की पाल दिसते त्याला तिथे?" टाचणीने विचारलं.

"तेच म्हणते मी. हात तोच आहे. मग दुसरं काय बदललंय?"

बदललं होतं एकच. मामाचा रेझर आजोबांचा होता. पितळेचा, वर निकेलचा मुलामा. त्याचे तीन भाग होते : मूठ, वरची टोपी, आणि दोन्हींच्या मध्ये बसणारी पट्टी. टोपी आणि पट्टी यांच्यामध्ये पातं ठेवायचं आणि मूठ फिरवून आवळायची. आजोबा गेल्यावर मामा तो वापरू लागला. दर रविवारी मामी तो सुटा करून दंतमंजनाने घासे. मुलामा उडून आतलं पितळ दिसू लागलं, तेव्हा मामाने हौसेने तो मुलामेवाल्याकडे दिला. सुट्टी लागली तेव्हा रेझर परत आला, आरशासारखा लखलखीत!

"मामा, रेझर दाखवतोस?" चौकशीने विचारलं.

"पात्याला हात लावायचा नाही." मामाने रेझर तिच्यासमोर धरला. "रेझर तोच आहे. मुठीवर बाबांनी कोरलेलं अक्षर बघ."

अक्षर होतं खरं. पण चौकशीचं लक्ष पात्याकडे होतं. पट्टीच्या बाहेर पात्याची धार चांगली डोकावत होती.

"हे असंच दिसायचं?"

"मी दाढी करताना चष्मा काढतो गं. मला काय दिसणार?" मामाने पातं काढून घेतलं आणि रेझर तिच्या हाती दिला.

ती धावत मामीकडे गेली. मामीने पट्टी बोटांवर फिरवली, पुन्हा फिरवली आणि तिच्या कपाळाला आठ्या पडल्या. "हिच्या कोपऱ्याला पोचा होता. आजोबांच्या हातून फरशीवर पडली होती ना! घासताना दर रविवारी लागायचा बोटाला. मुलाम्यात भरून गेला असेल."

"चला!" चौकशी म्हणाली.

"कुठे?" भोंग्याने विचारलं.

"मुलामेवाल्याकडे. पोचा भरतो का ते विचारायला!"

मुलामेवाल्याच्या दुकानात हिरव्या पाण्याच्या टाक्या होत्या आणि आंबट वास होता. मुलामेवाले काका चहा पीत होते.

"पोचा भरतो?" ते हसले. "मुलामा म्हणजे दुधावरची साय गं पोरी! भांड्याचा खड्डा सायीने बुजतो का?"

टाकीवर आडव्या तारा होत्या. एका तारेला नुसते चमचे, दुसरीला नुसते नळ, तिसरीला नुसत्या दरवाज्याच्या कड्या लटकत होत्या.

"सगळ्यांचे चमचे एकाच तारेला?" चौकशीने विचारलं.

"मग! जातीला जात. मुलामा सारखा चढतो. आमच्या वडिलांपासूनची पद्धत आहे."

"आणि रेझर आले तर?"

"मुठी मुठींबरोबर, टोप्या टोप्यांबरोबर, पट्ट्या पट्ट्यांबरोबर."

"मग कोणाची पट्टी कोणती, ते कसं कळतं?"

मुलामेवाले काकांनी चहाचा घोट गिळला. "त्यात काय कळायचं? पट्ट्या सगळ्या सारख्याच!"

मुलांनी एकमेकांकडे पाहिलं. मामाबरोबर आणखी कोणाचा रेझर आला होता, ते काही काकांना आठवेना. "दाढी काय सगळेच करतात," म्हणाले, आणि पुन्हा चहाकडे वळले.

"सोप्पं आहे!" रस्त्यावर येताच भोंगा म्हणाला. "ज्याच्या तोंडावर वर्तमानपत्र, तो आपला माणूस!"

मग बाजारभर शोध सुरू झाला. मुलं माणसांच्या हनुवट्या न्याहाळत हिंडली. एका काकांच्या गालाला कापूस दिसताच भोंगा गरजला, "काका! तुमची पट्टी चुकलीय!"

"माझी दाढ दुखतेय!" काका कळवळून म्हणाले. "आणि तुझ्या ओरडण्याने आता कानही!"

टाचणी पोट धरून हसत सुटली. चौकशी मात्र फुटपाथच्या कठड्यावर बसली आणि विचारात बुडाली. ऊन चढत होतं. संध्याकाळी मुकादम येणार होता.

"आपण उलटं शोधतोय," ती एकदम म्हणाली. "आपल्याकडे अरुंद पट्टी आली, म्हणून पातं बाहेर डोकावतं आणि मामाला कापतं. मग आपली रुंद पट्टी ज्याच्याकडे गेली, त्याचं पातं..."

"आत लपून बसलं असेल!" टाचणी उठून उभी राहिली. "त्याला कापणार नाहीच. त्याची दाढीच होत नसेल!"

"आणि तो दोष कोणाला देईल?"

"पात्यांना!"

तिघं कोपऱ्यावरच्या वाण्याकडे पळाली. पाती बोथट असल्याची तक्रार कोणी करतं का, एवढंच चौकशीने विचारलं आणि वाणीदादांनी कपाळावर हात मारला.

"नाव काढू नका! ते फोटोवाले! रोज पाकीट घेऊन येतात, 'तुमची पाती लोणीसुद्धा कापत नाहीत' म्हणतात. बाकी गावाची दाढी होते की याच पात्यांनी!"

फोटोवाल्यांच्या दुकानाच्या दारावर पाटी होती : 'फोटोसाठी येताना दाढी करून यावे.' आत फोटोवाले उभे होते आणि त्यांच्याच गालांवर खुंटांचं रान माजलं होतं!

"रेझर? मुलामा? हो, दिला होता. माझ्या वडिलांचा आहे तो! त्याला पोरासोरांनी हात लावलेला मला चालणार नाही. निघा!"

"हात नाही लावत," चौकशी म्हणाली. "तुम्हीच बघा. पट्टीच्या कोपऱ्याला पोचा आहे का, एवढंच सांगा."

फोटोवाले कुरकुरत आत गेले आणि रेझर घेऊन बाहेर आले. बोट पट्टीवर फिरता फिरता थांबलं.

"आहे... पण पूर्वीचाच असेल."

"पूर्वी कधी लागला होता बोटाला?"

फोटोवाल्यांनी आपल्या खरखरीत गालावरून हात फिरवला. "नाही बुवा," ते हळूच म्हणाले.

"भोंग्या, मामाला बोलाव! आणि रेझर, पातं, साबण, सगळं घेऊन ये म्हणावं!"

भोंगा दारातूनच असा काही ओरडला, की मामा कुंचला हातात धरूनच पळत आला आणि रेझरसाठी त्याला पुन्हा घरी जावं लागलं.

फोटोवाल्यांकडे लहान मुलांच्या फोटोसाठी फुगे असत. त्यांनी एक फुगवला आणि त्याला साबणाचा फेस फासला. मामाने आपला रेझर अलगद फुग्यावर टेकवला.

फट्!

मामाचा चेहरा उतरला. "बघितलंत? म्हणूनच म्हणत होतो मी."

"आता तुम्ही करा काका," चौकशी फोटोवाल्यांना म्हणाली. "याच रेझरने."

"माझा हात पक्का आहे हं. लहान बाळांचे फोटो काढतो मी!" फोटोवाल्यांनी रेझर टेकवला.

फट्! फेस थेट त्यांच्या नाकावर!

"काका, तुमचाही हात थरथरतो का?" टाचणीने साळसूदपणे विचारलं.

आता मामाने स्वतःच दोन्ही रेझर उघडले. कोपऱ्याला पोचा असलेली पट्टी आपल्या मुठीवर बसवली, पातं घातलं, आवळलं. नवा फुगा आला. रेझर फेसातून वरपासून खालपर्यंत आला. मग बाजूने. मग खालून. फुगा स्वच्छ झाला आणि तसाच गुबगुबीत राहिला!

मामा फुग्याकडे नाही, आपल्या हाताकडे बघत होता. मग त्याने चष्मा काढून पुसला आणि बराच वेळ पुसतच राहिला.

"अहो, मी त्या बिचाऱ्या वाण्याला काय काय बोललो!" फोटोवाले म्हणाले. "पोरांनो, तुम्हाला तर माझ्याकडून शाबासकी! आणि त्या मुलामेवाल्याला माझ्याकडून दुसरंच काहीतरी!"

मामा आणि फोटोवाले तावातावाने मुलामेवाल्याकडे गेले. मुलामेवाले काका आधी म्हणाले, "सगळ्या सारख्याच असतात." मग त्यांनी दोन्ही पट्ट्या एकमेकींवर ठेवून पाहिल्या आणि कान खाजवला. तेव्हापासून त्यांच्याकडे प्रत्येक गिऱ्हाइकाची वस्तू वेगळ्या रंगाचा दोरा बांधून टाकीत उतरू लागली.

संध्याकाळी मुकादम आला. "काय ठरलं?"

"उद्या सकाळी परांची तयार ठेव," मामा म्हणाला. मामीने आत जाऊन डोळ्यांना पदर लावला आणि बाहेर येऊन तिन्ही मुलांना आळीपाळीने जवळ घेतलं.

दुसऱ्या दिवशी चित्रगृहासमोर हीऽ गर्दी! वाणीदादा आले, गुळगुळीत गालांचे फोटोवाले आले. वर परांचीवर मामा, हातात रुंद कुंचला. पहिलं अक्षर 'चि'. उभी रेघ उतरली, वेलांटी वळली. मामाने कधी कुणाला आपल्या अक्षराबद्दल विचारलं नव्हतं. आज मात्र त्याने खाली वाकून विचारलं, "चौकशे! बरोबर आहे का गं?"

"वेलांटी जरा डावीकडे कललीय, मामा!"

गर्दीत कुणीतरी जीभ चावली. मुकादम म्हणाला, "एवढीशी पोर, हिला काय कळतंय!" मामा मागे रेलला, एक डोळा मिटून पाहिलं, पुन्हा पाहिलं.

"कललीय!" तो मोठ्याने हसला. "बाबांनंतर माझी चूक दाखवणारं कुणी उरलंच नव्हतं. मुकादम, दुसरी शिडी लाव. ही पोरगी वर येऊ दे!"