हा टाका माझा नाही

भांडायचंच म्हणून मी दुरुस्तीच्या दुकानाचं दार ढकललं, आणि आत पहिलं पाऊल टाकते न टाकते तोच आवाज आला, "पाय उचलू नका."

एक उंच माणूस गुडघ्यांवर बसून टॉर्चच्या उजेडात फरशी न्याहाळत होता.

"एक पार्ट पडलाय. मोहरीपेक्षा लहान. बहुतेक तुमच्या चपलेखाली गेलाय."

"मी तक्रार करायला आलेय."

"करा ना. फक्त हलू नका."

मग त्याने मला काउंटरचा आधार घेऊन एका पायावर उभं केलं, आणि चिमट्याने माझ्या चपलेच्या तळातून तो कण अलगद काढला. अशा अवस्थेत कोणाला झापता येतं? माझा राग दुप्पट झाला.

पाय टेकल्या टेकल्या मी दादाचा गेम कन्सोल त्याच्यासमोर ठेवला. "तुम्ही मॉडचिप बसवली, आणि यंत्र मेलं. पडदा काळा. जाळीतून दिसणारा आतला निळा दिवा नुसता लुकलुकतोय."

"माझ्याकडून गेला तेव्हा चालू होता."

"सगळे हेच म्हणतात."

"कारण कधीकधी ते खरं असतं," तो म्हणाला. आता त्याचाही आवाज चढला होता.

मी त्याला सुनावलं. अपघातापासून माझा दादा पायात सळ्या घालून पलंगावर होता. पडल्या पडल्या त्याने एक गेम तयार केला होता. आपण बनवलेला गेम हे यंत्र चालवूनच घेत नाही, म्हणून तर ती चिप. दादाचा मित्र यंत्र इथे देऊन गेला होता, चालू झाल्यावर घेऊनही आला होता. "शुक्रवारी एका गेम कंपनीची माणसं घरी येतायत. इतक्या दिवसांत पहिल्यांदा कोणीतरी त्याची तब्येत सोडून दुसरं काही विचारायला येतंय. आणि तुम्ही..."

त्याने पेचकस उचलला. स्क्रू काढले, एका डबीच्या झाकणात ठेवले, मागची बाजू उघडली, भिंगाखाली धरली. आणि त्याच्या कपाळावर आठी चढली.

"हा टाका माझा नाही."

"वा."

"स्वतः बघा. कळतं का यातलं?"

"मी श्रवणयंत्रं दुरुस्त करते. तुमच्यापेक्षा बारीक काम असतं माझं."

मी भिंगाला डोळा लावला. प्रोसेसरशेजारी चिपची पातळ पट्टी होती. तिच्या एका पायावर सोल्डरचा छान, चकचकीत टाका. दुसऱ्यावर मात्र राखाडी गोळा, चिखल थापल्यासारखा. आणि त्यावर पिवळ्या टेपचा तुकडा... माझ्या डब्यातली टेप. माझ्या घरातली.

माझे कान तापले. दादा.

"आता आधी पाणी घेणार," तो म्हणाला, "की आधी माफी मागणार?"

एवढं बोलला नसता तर मी मागितलीही असती. मी यंत्र तसंच उघडं उचललं, पर्समध्ये घातलं आणि तरातरा निघाले.

"अहो, तसंच नेऊ नका—"

"उपकार नकोत तुमचे."

घरी येऊन मी दादावर तुटून पडले. तोही ऐकून घेणाऱ्यातला नव्हता.

"चालू व्हायला वेळ लावत होतं. मी बघायला उघडलं. काय बिघडलं?"

"काय बिघडलं? सगळं बिघडलं. मला हाक मारायची."

"मारली असती तर तू हातातून काढून घेतलं असतंस. पाणी तू देणार, उशी तू नीट करणार, माझ्या चहात साखरसुद्धा तू ढवळणार." त्याचा आवाज फाटला. "पाय मोडलेत माझे. हात शाबूत आहेत."

स्वयंपाकघरातून आई ओरडली, "दोघांनाही एकेक ठेवून देईन हं." तेवढ्यात बेल वाजली.

दारात तो. एका हातात अवजारांची पेटी, दुसऱ्यात ते स्क्रूंचं झाकण. पत्ता दादाच्या मित्राकडून घेतला असणार.

"स्क्रू विसरलात," तो म्हणाला. "रागावून जायचं तर सामान तरी नीट न्यायचं."

मी झाकण घ्यायला हात पुढे केला. त्याने ते दिलं नाही. "आधी तुमच्या भावाला एक विचारायचंय."

पलंगाजवळ उभा राहून त्याने विचारलं, "तुम्ही उघडण्याआधीही अडखळत होतं का?"

"हो. दिवा बराच वेळ लुकलुकायचा, मग कुठे सुरू व्हायचं."

तो मान खाली घालून पेटीच्या कडीशी चाळा करत राहिला. मग माझ्याकडे वळून म्हणाला, "म्हणजे माझाच टाका कच्चा होता. तो सुटला, म्हणून यांनी उघडलं. तुम्ही रागावलात ते बरोबर होतं."

खरं तर तो ते गिळून टाकू शकला असता. कोणालाच कळलं नसतं. आणि मला त्याचा इतका राग आला... मनात मी त्याला खडूस ठरवून मोकळी झाले होते. आता ते सगळं परत उचकटायचं?

जेवणाचं छोटं टेबल पलंगावर दादापुढे चढलं. माझा दिवा, त्याचं भिंग. त्याने मीटरच्या दोन सुया लावल्या. "हे बघा, शून्य, म्हणजे शॉर्ट. तो गोळा बाजूच्या पत्र्याला टेकलाय." त्याने गोळा वितळवून पुसून घेतला. मग इस्त्री दादासमोर धरली... म्हणजे सोल्डरिंगची, पेनासारखी.

"द्या टाका."

"दादा नको," मी म्हणाले.

"तुम्ही हात मागे घ्या," तो मला म्हणाला. "त्यांचा हात चांगला आहे. तेव्हा त्यांच्याकडे नुसतं भिंग नव्हतं."

मी हात मागे घेतले, पण दात-ओठ खात. दादाने श्वास रोखला. रोझिनचा, म्हणजे सोल्डरमधल्या राळेचा धूर वर आला, खोलीभर तो गोडसर जळका वास पसरला. टाका चमकला.

यंत्र चालू केलं. दिवा लुकलुकला... लुकलुकत राहिला. पडदा काळाच.

"झालं समाधान?" मी म्हणाले.

"भांडण नंतर," तो म्हणाला. "मीटर द्या." एकेक जागा तपासत तो एका तारेपाशी थांबला. केसाएवढी तार, यंत्र उघडं नेताना पर्समध्ये मुडपून तुटलेली. त्याने माझ्याकडे पाहिलं. यावेळी माफीचं नाव काढलं नाही. नुसती इस्त्री माझ्याकडे सरकवली. "बारीक काम तुमचं, म्हणालात ना."

मी तार जोडत होते, आणि तो दिवा धरून इतका जवळ उभा होता की त्याचा श्वास माझ्या मनगटाला लागत होता.

"श्वास तिकडे सोडा."

"रोखूनच धरलाय. तो पंखा आहे."

दिवा हिरवा झाला. पडदा उजळला. दादाच्या गेममधली मुलगी जिन्यावर उभी होती, दोन वेण्या, नाकाचा शेंडा लाल. वाटेत येईल त्याला लाथ मारत वर चढणारी. मी ती पहिल्यांदाच पाहत होते.

"ही कोण?" त्याने विचारलं.

"ओळखा," दादा माझ्याकडे बघत म्हणाला, आणि अपघातानंतर प्रथमच पोट धरून हसला. मी रागाने बाहेर गॅलरीत गेले. डोळे पुसायला जागा हवी होती.

शुक्रवारी माणसं आली. गेम फार लवकर संपतो, म्हणाले. मग म्हणाले, घरूनच वाढवून द्याल का? दादाला काम मिळालं. त्या दिवशी त्याने चहा स्वतः ढवळला आणि मी बघत बसले, हात मांडीखाली दाबून.

दुकानवाला मात्र फिरकला नाही. एक दिवस नाही, दोन दिवस नाही. शेवटी आमचं श्रवणयंत्रांचं क्लिनिक सुटल्यावर मी पुन्हा ते दार ढकललं.

"दादाचं काय झालं, विचारायला येववलं नाही?"

त्याने वर पाहिलं. "त्यांच्या मित्राकडून कळलं. आलो असतो तर तुम्हीच म्हणाला असतात, श्रेय घ्यायला आला."

"म्हणालेच असते."

"मग?"

"तरी यायचं." माझा आवाज चढला. "म्हणू द्यायचं. लोकांच्या घरी येऊन चुका कबूल करायच्या, दिवे धरायचे, आणि मग गायब व्हायचं, ही काय रीत झाली? मला तुम्ही आवडता. आणि यात हसण्यासारखं काही नाही."

तो हसला नाही. हातातली इस्त्री त्याने स्टँडमध्ये ठेवायला घेतली, ती बाजूलाच टेकवली, टेबलाला डाग पडला. मी झटकन उचलली.

"मी रोज दुकान बंद करून तुमच्या गल्लीपर्यंत यायचो," तो हळूच म्हणाला. "कोपऱ्यावरून परत फिरायचो. म्हटलं, ही परत रागावेल."

"रागावलेच असते."

"माहितेय. तू रागावलीस ना, की..."

तो अडखळला.

"तू?" मी विचारलं. "'तू' कोणाला म्हणताय?"

"तुला," तो म्हणाला.

मी इस्त्री स्टँडमध्ये ठेवली, समोरचं स्टूल ओढलं, आणि बसले.