हात न लावता

सुट्टीच्या तिसऱ्या दिवशी, भर दुपारी, ताईचं वाद्य आपोआप वाजायला लागलं.

मामाच्या रेडिओ दुरुस्तीच्या दुकानामागच्या खोलीत ताईने आणि तिच्या मावसभावाने, म्हणजे चष्मिशने, ते जोडलं होतं. जुन्या रेडिओचे भाग, एक स्पीकर आणि लांब तार. तारेजवळ हात नेला की सूर चढायचा, लांब नेला की उतरायचा. स्पर्श करायचाच नाही. तार उभी करायला दांडी मिळेना, म्हणून दोघांनी ती शेजारच्या गोदामाच्या लाकडी भिंतीवर ठोकली. असं करू नका, सूर बिघडेल, असं मामाने बजावलं होतं. पण ऐकतंय कोण!

आता दोघंही दारात उभी होती, हात पाठीमागे. तरी कुणीतरी कण्हावं तसा सूर चढला, उतरला. असं तीनदा झालं आणि थांबलं. थोड्या वेळाने पुन्हा तीनदा. चष्मिशची बोबडी वळली. पलीकडचं गोदाम तर सकाळीच दोन दिवसांसाठी बंद झालं होतं.

"भूत," तो कसाबसा म्हणाला.

ताईच्याही अंगावर काटा आला होता. पण डोकं चालत होतं.

"भुताला अंग कुठे असतं? हे वाजायला अंग लागतं. पलीकडे कुणीतरी आहे, आणि जिवंत आहे."

तिने भिंतीवर ठोकलं. सूर एकदम वेड्यासारखा थरथरला. दोघांनी धूम ठोकली ती थेट मामापाशी.

गोदामवाले काका कुरकुरतच किल्ल्या घेऊन आले. आपण रोज दारातून हाक मारतो, कुणी ओ दिली नाही तरच कुलूप लावतो, असं त्यांनी दोनदा ऐकवलं.

आत कापसाचे गठ्ठे कोसळले होते. त्यांच्याखाली गठ्ठ्यांवर आकडे रंगवणारे रंगारीबाबा अडकले होते. एकच हात मोकळा, आणि भिंत त्या हातापासून वीतभर लांब. ठोकता येईना, म्हणून पलीकडचा सूर ऐकत ते तोच हात भिंतीकडे नेत-आणत होते. श्वास जेमतेम चालू होता. आणखी तासभर गेला असता तर काही खरं नव्हतं, असं नंतर डॉक्टर म्हणाले.

"मी हाक मारली होती हो," काका पुटपुटले.

"बारा वर्षं तुमच्याकडे आहेत ते," मामा म्हणाला. "त्यांना बोलता येत नाही, हे माहीत नाही तुम्हाला?"

काकांची मान खाली गेली. मामाने पोरांच्या पाठीवर थाप मारली. त्याचे डोळे भरून आले होते.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात रंगारीबाबांनी कागदावर लिहिलं, 'मला वाटलं, आवाजाला घाबरून पळून जाल.'

"पळणारच होतो," चष्मिशने खरं सांगून टाकलं.

रंगारीबाबा हसले, आणि त्यांनी दोघांचे हात घट्ट धरून ठेवले.