साडेचार इंच

दवाखान्यात जाते असं घरी सांगून सारजाबाई तेरहून सकाळच्या एसटीनं धाराशिवला आल्या. खोटं बोलायची त्यांना सवय नव्हती. ओळखीचं कुणी भेटू नये म्हणून सगळ्या रस्त्याभर त्या खिडकीकडं तोंड करून बसल्या होत्या.

शिवरंजनीचं ऑफिस बसस्टँडमागच्या एका इमारतीत वरच्या मजल्यावर होतं. लग्नाआधी समोरच्या पक्षाच्या घराची चौकशी करून देणं हा तिचा मुख्य धंदा. मदतीला शंकरप्पा होते, पोलिसातून निवृत्त झालेले हवालदार. माणूस अंगानं जड आणि विचारानंही सावकाश.

सारजाबाई खुर्चीच्या कडेवर बसल्या. पाणी प्यायल्या. पिशवीतून खणाच्या कापडाचं, कडेला लेस लावलेलं एक मोठं कव्हर काढून त्यांनी टेबलावर ठेवलं.

"ताई, माझा टीव्ही ल्हान झालाय," त्या म्हणाल्या आणि त्यांची मान खाली गेली.

शंकरप्पांनी शिवरंजनीकडं पाहिलं. तिनं मात्र वही उघडली आणि सुरुवातीपासून सांगा म्हणाली.

दसऱ्याला त्यांच्या मुलानं, अमरसिंहानं, टीव्ही घ्यायचं काढलं. धाराशिवच्या दुकानात भिंतभर टीव्ही लागलेले. अमरसिंह लहानावर समाधानी होता, पण सारजाबाईंनी पंचावन्न इंचीचा हट्ट धरला. घेतलाच तर गावात दुसऱ्याकडं नसंल असा घ्यायचा. घरी आणून त्यांनी त्याची पूजा केली. त्यांच्या घरी शिलाई मशीन होतं. टेपनं माप घेतलं, रुंदी साडेअठ्ठेचाळीस इंच भरली, ती वहीत लिहिली आणि हे कव्हर शिवलं. अंगठाभरसुद्धा सैल नव्हतं.

भाऊबीज झाल्यावर त्यांच्या लेकीला, अक्षदाला, न्यायला जिल्ह्यातल्याच वाशीहून विहीणबाई आल्या. त्यांना टीव्ही दाखवायला सारजाबाईंनी गल्लीतल्या बायकाही बोलावल्या होत्या. हे सांगताना त्यांचा आवाज जरा वर चढला.

त्यानंतर महिन्याभरानं त्या बचत गटाच्या प्रशिक्षणासाठी दोन दिवस तुळजापूरला गेल्या. गटाच्या त्या अध्यक्ष. गुरुवारी परत आल्या, संध्याकाळी टीव्हीवर कव्हर घातलं, तर ते दोन्ही बाजूंनी लोंबलं. टेप लावली तर चव्वेचाळीस.

"घरात काय म्हणाले?"

सून सोनाली म्हणाली, धुण्यात कापड ताणलं असंल. अमरसिंह म्हणाला, माप लिहिताना चुकलं असंल. बिल मागितलं तर ते हरवलं होतं. सारजाबाईंनी आवडती कीर्तनं टीव्हीत जमवून ठेवली होती, तीही गेली होती. त्यावर सोनाली म्हणाली, टीव्हीत अपडेट आलं की असं होतं. नवरा महारुद्र पान लावत बसून राहिले.

"मग म्या पुन्यांदा विचारलं. मग अजून एकदा. आठ दिवसांखाली अमरसिंह म्हणाला, आई, सोलापूरला डोक्याच्या डॉक्टरला दाखवून येऊ." सारजाबाई कव्हराची लेस बोटांनी सरळ करत राहिल्या. "तवापासून गॅस बंद केला का ते म्या तीनतीनदा बघते. गटाच्या कपाटाची किल्ली दुसरीकडं देऊन टाकली. डोकं गेलं असंल तर तसं सांगा. निदान कळंल तरी."

त्या जिना उतरून गेल्यावर शंकरप्पा हळूच म्हणाले की वय झालं की होतं असं, माझ्या आईचंही झालं होतं.

"आप्पा, खणाचं कापड धुतल्यावर ताणतं का आटतं?" शिवरंजनीनं विचारलं.

"आटतं," शंकरप्पा म्हणाले. तिनं त्यांना टीव्हीच्या दुकानात पाठवलं. तासाभरानं ते आले आणि खुर्चीत टेकायच्या आधीच सांगून मोकळे झाले. दसऱ्याच्या दिवशी अमरसिंहाच्या नावावर पंचावन्न इंची टीव्ही गेल्याची नोंद होती. म्हाताऱ्या बाईला आपण मनातल्या मनात वेडी ठरवून बसलो होतो, याचं त्यांना वाईट वाटलं. ते वाईट वाटणं झटकायला त्यांनी लगेच चोरही शोधला. टीव्ही बसवायला आलेल्या कारागिराचंच हे काम, असं ते ठामपणे म्हणाले.

दुसऱ्या दिवशी दोघं तेरला गेले. गटाच्या कामासाठी आलेल्या मॅडम, अशी ओळख सारजाबाईंनी करून दिली.

टीव्ही पुढच्या खोलीत भिंतीवर होता. शिवरंजनी त्याच्याजवळ बराच वेळ उभी राहिली. वरच्या डाव्या कोपऱ्यात कुंकू होतं, कपाळाला टिळा ओढावा तसं खालून वर ओढलेलं. पूजा तुम्हीच केली होती ना, असं तिनं सारजाबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, व्हय, आधी हळद लावली, तिच्या शेजारी कुंकवाचं बोट टेकवलं. आपण दरवेळी तसंच लावतो.

मग चहा झाला आणि चहाबरोबर एकेकाशी बोलणं झालं. सोनालीला तिनं टीव्हीचं खोकं मागितलं. ते उंदरांनी कुरतडलं म्हणून टाकून दिलं, असं सोनाली म्हणाली. शिवरंजनीनं माळ्यावर नजर टाकली. मिक्सरचं खोकं, पंख्याचं खोकं, जुन्या चपलांचीही खोकी तिथं धडधाकट होती. मधे एक मोठा चौकोन तेवढा कमी धुळीचा होता.

अमरसिंह शेतातून आला. कारागिराबद्दल शंकरप्पांनी त्याला खोदून विचारलं. तो माणूस भला आहे, त्याच्यावर आळ घेऊ नका, असं अमरसिंह घाईनं म्हणाला. आईच्या तब्येतीचा विषय निघाला तसा तो बूट घालून पुन्हा बाहेर गेला.

महारुद्र ओट्यावर बसले होते. बायको तुळजापूरला गेली तेव्हा तुम्ही कुठं होता, असं विचारल्यावर घरीच, म्हणाले. सारजाबाई दारातूनच म्हणाल्या, व्हय, घरीच होते, आणि कुणीतरी मित्र यांना कुंथलगिरीचे पेढे देऊन गेला होता. आल्या आल्या म्या देवापुढं ठेवले. महारुद्रांनी पान थुंकायचं निमित्त करून तोंड फिरवलं.

निघताना शिवरंजनीनं सहज अक्षदाची चौकशी केली. बरी असते, असं सारजाबाई म्हणाल्या. पूर्वी रोज व्हिडिओवर दिसायची. आता फोनचा कॅमेरा बिघडलाय, नुसतं बोलते. सारजाबाईंनी लेकीचं स्टेटस उघडून दाखवलं. त्यात अंगणातल्या रांगोळीचा त्याच सकाळचा फोटो होता. रंग छान आले होते.

"आप्पा, उद्या परत यायचंय," शिवरंजनी गाडीत बसताना म्हणाली.

दुसऱ्या दिवशी दुपारी सगळे घरी होते. शिवरंजनीनं सारजाबाईंना बाजूला घेऊन हलक्या आवाजात विचारलं, "मावशी, मला कळलंय. तुम्हाला एकटीला सांगू का?"

"सगळ्यांसमोर सांगा," सारजाबाई म्हणाल्या. "माझ्या घरात लपवायचं काय हाय?"

तेव्हा शिवरंजनीनं आपण कोण ते सांगितलं. सोनाली उठून आत जायला निघाली, तिला तिनं बसायला सांगितलं.

"पहिली गोष्ट," ती म्हणाली, "मावशींचं डोकं ठणठणीत आहे. दुकानात पंचावन्न इंचीची नोंद आहे आणि माप मावशींनी बरोबर घेतलं होतं. हा टीव्ही दुसरा आहे. कीर्तनं अपडेटमुळं गेली नाहीत. या टीव्हीत ती कधी नव्हतीच."

अमरसिंह भिंतीकडं बघत होता.

"आमच्या आप्पांना कारागिराचा संशय होता. पण चोर बदललेल्या टीव्हीला कुंकू लावत बसत नाही. पहिल्यावर कुंकू होतं हे ज्याला ठाऊक होतं आणि मावशींना फरक कळू नये असं ज्याला वाटत होतं, त्यानंच हे लावलं. मावशी हळद आणि कुंकू दोन्ही लावतात, बोट टेकवून. इथं हळद नाही. गड्यामाणसानं गड्यामाणसाला लावावा तसा टिळा आहे."

सोनालीनं सासऱ्यांकडं पाहिलं.

"पण एकट्या माणसाचं हे काम नाही. कापड ताणलं, माप चुकलं, बिल हरवलं, खोकं उंदरांनी खाल्लं. मावशी जे विचारतील त्याचं उत्तर इथं तयार होतं आणि एकानंही दुसऱ्याचं खोडून काढलं नाही. म्हणजे घरातल्या तिघांनाही माहीत होतं. खोकं गेलं, कारण टीव्ही त्यात घालून लांब न्यायचा होता. कुठं? कुंथलगिरीचे पेढे माणूस वाशीच्या बाजूला गेला की आणतो. ते मावशी तुळजापूरहून यायच्या आत घरात आले होते. आणि वाशीत ज्या मुलीच्या फोनमधून रांगोळीचा फोटो निघतो, तिचा कॅमेरा आईशी बोलतानाच बिघडतो. तिच्या पाठीमागच्या भिंतीवर काय आहे, ते आईला दिसू द्यायचं नाही."

शंकरप्पांचं तोंड उघडंच राहिलं होतं. त्यांनी ते मिटलं.

सारजाबाई नवऱ्याकडं वळल्या. महारुद्रांनी टोपी काढून मांडीवर ठेवली आणि अडखळत सगळं सांगितलं. भाऊबीजेनंतर विहीणबाई टीव्ही डोक्यात घेऊनच वाशीला गेल्या होत्या. मुलाला एवढा घेता, लेकीला काय दिलंत, हे रोज सुरू झालं. अक्षदाशी घरातलं कुणी बोलेना. तिनं रांधलेलं ताटात तसंच राहायला लागलं. जावई रणधीर सगळं बघायचा आणि गप्प बसायचा. एका दुपारी तिनं बापाला रडत फोन केला. सारजाबाई तुळजापूरला गेल्या त्या बुधवारी महारुद्र आणि अमरसिंह टीव्ही पिकअपमधून वाशीला घेऊन गेले. येताना तसाच दुसरा शोधला, पण त्या कंपनीचा दुकानात पन्नास इंचीच होता. गुरुवारच्या आत भिंत भरायची होती. चार इंच कुणाला कळतात, असं त्यांना वाटलं.

"तिनं मला का न्हाय सांगितलं?" सारजाबाईंनी विचारलं.

महारुद्रांनी टोपीची घडी मोडली. "तू मांडवात चारशे माणसांपुढं म्हणालीस, माझी लेक चमचासुदीक न देता नांदायला चाललीय. तिनं मला शपथ घातली. म्हणाली, आईचा शब्द खाली पडू देऊ नका. आन तुला सांगायचं धाडस मला बी झालं न्हाय."

सारजाबाईंना वाटलं होतं, चोर सापडला की आपण त्याला चार शब्द सुनावू. आता सुनावायला समोर कुणी नव्हतं. गल्लीतल्या बायका गोळा करून विहिणीपुढं मिरवलं होतं ते आपणच. गावात हुंडा मागितला म्हणून दोन लग्नं मोडायला लावली होती, ती आपणच. त्या मुलींच्या आयांना काय वाटलं असंल, हे कधी विचारायला गेलो नव्हतो. आणि पोटच्या पोरीनं उपाशी बसून रडताना बापाला फोन केला, आपल्याला केला नाही. त्यांनी पदर तोंडावर ओढून घेतला.

अमरसिंह त्यांच्या पायाशी येऊन बसला. "आई, मी तुला सोलापूरला..." एवढंच म्हणाला. सारजाबाईंनी त्याच्याकडं पाहिलं नाही, पण त्याला उठही म्हणाल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी शिवरंजनी आणि शंकरप्पांबरोबर गाडीतून त्या वाशीला गेल्या. दार अक्षदानंच उघडलं. आईला बघताच ती मागं मागं सरकत भिंतीला लागली आणि दोन्ही हात पसरून टीव्हीपुढं उभी राहिली, त्यानं तो झाकला जाणार असल्यासारखी. तिच्या खांद्यांनी निम्मा पडदाही झाकला जात नव्हता.

"ऱ्हाऊ दे," सारजाबाई म्हणाल्या. "मला समदं कळलंय. चुकलं माझं."

विहीणबाई आतून आल्या. तो तर व्याह्यांनी हौसेनं दिला, असं म्हणाल्या. शंकरप्पांनी हवालदारी आवाजात एक-दोन प्रश्न विचारले तेव्हा एवढंच कळलं की आता घरात फ्रीजचं बोलणं निघालं होतं. रणधीर सोफ्यावर मोबाइल चाळत बसला होता. त्यानं मान वर केली नाही. अक्षदानं दोन साड्या पिशवीत भरल्या आणि आईबरोबर निघाली.

शिवरंजनीनं पोलिसात द्यायचा अर्ज लिहून दिला. अक्षदानं तो पर्समध्ये ठेवला आणि मला थोडे दिवस द्या म्हणाली. महिनाभरापूर्वीच्या सारजाबाईंनी तिथल्या तिथं सही करायला लावली असती. या वेळी त्यांनी घाई केली नाही.

सोमवारी गटाची बैठक होती. सारजाबाईंनी हिशेबाची वही बाजूला सारली आणि उभ्या राहून सगळं सांगितलं. टीव्ही, मिरवणं, विहीण, लेक. अध्यक्षपद दुसरीला द्या, म्हणाल्या. बायका खाली बघत होत्या. सारजाबाईंना वाटलं, या आपल्याला हसतायत.

मग मागच्या भिंतीपासून शांतम्मा बोलली. गटात ती पहिल्यापासून होती आणि क्वचितच तोंड उघडायची.

"बाई, माझ्या थोरलीला बी गेल्या साली कपाट द्यावं लागलं. तुमच्या भ्यानं सांगितलं न्हाय. तुमी हितं बैठकीला बसला व्हता, तवाच टेंपोत भरलं."

तिच्या शेजारच्या दोघींनी एकमेकींकडं पाहिलं आणि पुन्हा माना खाली घातल्या.

सारजाबाई पुढच्या खुर्चीवर परत गेल्या नाहीत. बायकांमधून वाट काढत मागं गेल्या आणि शांतम्माशेजारी सतरंजीवर बसल्या.

"सांग," त्या म्हणाल्या. "म्या ऐकते."