तेझेकबायचं पान

खरं सांगते, हे लिहितानासुद्धा मला मळमळतंय.

ऐकीव गोष्ट नाही ही. माझ्या घरात घडलेली आहे. माझ्या नणंदेच्या, कुंदुझच्या हातून घडली आणि भोगलीही तिनंच. मी फक्त भांडी घासली. पण त्या भांड्यांचंही सांगणार आहे, तेव्हा जेवायला बसला असाल तर आधी जेवून घ्या.

गेल्या वर्षीचा ऑक्टोबर. काराकोल शहराच्या पुढं, डोंगराच्या पायथ्याशी आमचं गाव, साराला-बुलाक. गुरुवारची संध्याकाळ.

सासरे, सुयुनबेक, जाऊन थोडेच दिवस झाले होते. चाळिसावा दिवस व्हायचा होता. तोवर गेलेला माणूस घर सोडत नाही, आणि तोवर दर गुरुवारी त्याला वास मिळायला हवा. मेंढीच्या चरबीत सात पोळ्या तळायच्या, धूर घरभर फिरू द्यायचा, दुवा मागताना त्याचं नाव घ्यायचं, मग त्याच्या मागच्या पिढ्यांची. वास त्याचा, पोळ्या आपल्या. चाळिसाव्याला तो निघाला की निघाला. उपाशी निघाला तर कायमचा उपाशी.

कुंदुझ बापाची लाडकी. तिला एवढंच हवं होतं... बाप भरल्या पोटानं जावा.

त्या गुरुवारी सासूबाईंनी कढई चढवली. आम्ही सगळे त्यांना आपा म्हणतो. चरबी वितळली. पहिली पोळी आत सोडली...

आणि वास आला.

तळणीचा नाही हो. उन्हात कुजत पडलेल्या चरबीचा. खवट, गोडसर, घशाला चिकटून बसणारा.

"शी! आपा, ही चरबी कुठून आणली?" कुंदुझनं नाकाला रुमाल लावला.

"काल कापलेल्या मेंढीची आहे. तुझ्या भावानंच कापलीय."

"कापायच्या आधीच मेली होती का ती?"

"जिभेला काही हाड तुझ्या? बापाच्या नावाची पोळी आहे ती!"

उरलेली चरबी मी स्वतः पाहिली. पांढरीशुभ्र होती. ताजी.

माझे यजमान दुवा म्हणायला बसले. आम्ही हात पसरले.

आणि आतल्या बंद खोलीतून आवाज आला...

मच... मच... मच...

तोंड उघडं टाकून कोणीतरी चावत होतं. मधेच बोटं चाटल्याचा आवाज. मग पुन्हा मच... मच...

कुंदुझ उठली. दार उघडलं.

कोणी नव्हतं.

पण मानाच्या जागेवरची गादी मधोमध दबलेली होती, आणि तिच्यावर हा एवढा तेलकट डाग. ओला. कुंदुझनं त्याला बोट लावलं आणि धावत जाऊन अंगणात ओकली.

दुसऱ्या दिवशी आपांनी चहाला हात लावला नाही.

"तुझा बाप स्वप्नात आला होता," त्या कुंदुझला म्हणाल्या. "दाराशी उभा होता. चपलांपाशी. आत येईना. मानाच्या जागेवर दुसराच कोणी बसलेला. पाठमोरा. आणि गिळत होता नुसता."

"स्वप्नच ते, आपा."

"तो उपाशी आहे गं. त्याच्या वाटणीचं कोणीतरी खातंय. माझ्या घशाखाली घास कसा उतरेल?"

उतरला नाहीच. नुसत्या कोमट पाण्यावर राहू लागल्या. पुढच्या गुरुवारी पुन्हा तोच वास, तोच आवाज. आपा पोळ्या वाढवत गेल्या, आणि तो आवाज लांबत गेला. पडद्यांना, उशांना, केसांना ती खवट घाण बसली. मी दिवसातून दोनदा अंघोळ करायचे, तरी जात नव्हती.

आता कुंदुझचं काम सांगते, त्याशिवाय पुढचं कळायचं नाही.

आमच्या गावाची विकी आहे. म्हणजे सगळ्या गावानं मिळून लिहायची वेबसाइट. गावातल्या प्रत्येक माणसाचं एक पान, हयात असो वा गेलेला. प्रत्येक पानावर 'वडील' अशी लिंक. ती दाबली की बापाचं पान, तिथून आज्याचं, असं सात पिढ्या वर जाता येतं. सात बापांची नावं तोंडपाठ नसणं म्हणजे आमच्याकडे लाजिरवाणी गोष्ट. पण हल्लीची पोरं! बिश्केकला, मॉस्कोला राहतात, दर गुरुवारी पोळ्या तळतात, आणि दुवा मागताना फोनवर 'वडील, वडील' दाबत वर चढतात. जे नाव दिसेल ते म्हणायचं. डोकं कोण चालवतंय?

ही विकी कुंदुझ सांभाळते. पगार नाही, मान नाही, तक्रारी मात्र हव्या तेवढ्या. तिचा एकच ध्यास... एकही लिंक तुटलेली दिसता कामा नये.

आणि तुटायच्या त्या सारख्याच. कारण माणूस गेला की आम्ही त्याच्या पानाच्या नावाला 'मरहूम' जोडतो. तसं नाही केलं तर घरचे रुसतात. नाव बदललं की जुनी लिंक तुटते. मग लेकराच्या पानावरचं 'वडील' दाबलं की समोर काहीच येत नाही. त्यावरून लोक कुंदुझला फोन करून झापायचे, "आमचे वडील कुठं गेले?"

वैतागून तिनं एक छोटा प्रोग्रॅम लिहिला. लिंक तुटलेली दिसली की आपोआप एका ठरलेल्या पानावर वळवायची. त्या पानावर लिहायचं, 'माहिती लवकरच.' मागाहून सवडीनं एकेक दुरुस्त करू, असा विचार.

ते ठरलेलं पान तिनं नवं केलं नाही. विकीत एक बेवारशी पान पडलेलं होतं. वर बाप नाही, खाली लेक नाही, आत एक अक्षर नाही. कोणी केलं होतं तेही दिसत नव्हतं. नुसतं नाव... तेझेकबाय.

म्हणजे शेणीबुवा म्हणा ना. मूल जगत नसलं की आमच्याकडेही असं घाणेरडं नाव ठेवतात.

"रिकामं पान आहे, कोणाचं काय जातंय?" कुंदुझ म्हणाली होती.

हे सगळं ती विसरूनही गेली होती. आठवण करून दिली दुकानात भेटलेल्या सैराकानबाईंनी. आमच्याच कुळातल्या, जीभ म्हणजे सुरी.

"काय गं कुंदुझ, तुमचा तो तेझेकबाय कोण?"

"कोण तेझेकबाय?"

"आता मलाच विचार! मॉस्कोहून माझा लेक दर गुरुवारी आपल्या कुळातल्या गेलेल्यांसाठी दुवा म्हणतो, फोनवर ऐकते मी. सुयुनबेकचं नाव यायला हवं तिथं तेझेकबाय. आणखी दोघा मरहूमांच्या जागीही तेझेकबाय. एकाच माणसानं एवढा संसार केला होय गं?"

आजूबाजूच्या बायका हसल्या.

कुंदुझ हसली नाही. पीठ तिथंच टाकून घरी आली.

मी स्वयंपाकघरात होते. माझ्यासमोर तिनं फोनवर माझ्या यजमानांचं पान उघडलं. 'वडील' दाबलं...

तेझेकबाय.

"वहिनी, बाबांच्या पानाला मरहूम जोडलं ना मी... हातानं जोडलं..." ती पुन्हा पुन्हा 'वडील' दाबत होती. "जिथं जिथं म्हणून आपल्या कुळात वास निघाला, तो सगळा त्याच्या नावानं गेला गं. बाबांना नाही मिळाला."

तिनं ते पान खाली सरकवलं. पूर्वी तिथं काही नव्हतं. आता 'मुलं' अशी रांग लागली होती. ज्या ज्या पानांचा बाप तेझेकबाय, त्यांची नावं विकी आपणच खाली मांडते. शेवटच दिसेना. सगळ्यात वर माझे यजमान. त्यांच्या खाली... कुंदुझ.

"म्हणून तो आपल्या घरी येतो," ती म्हणाली. "लेकीच्या घरी आलाय."

तेवढ्यात तिचं बोट काचेवरून घसरलं. फोनची काच तुपकट झाली होती. तिनं फ्रॉकला पुसली. पुन्हा तुपकट. पुन्हा पुसली. काचेच्या आतून पाझरावी तशी चरबी येत होती, पिवळट, आणि तिला तोच वास. कुंदुझनं फोन टेबलावर फेकला. मी चिमट्यानं उचलून कपाटात ठेवला. शी!

तिनं प्रोग्रॅम बंद केला. कॉम्प्युटरसमोर बसली ती उठेचना. प्रत्येक तुटलेली लिंक हातानं शोधायची, ज्याचा बाप त्याला जोडायची. सर्वांत आधी सुयुनबेक. इकडं आपा वाळत चाललेल्या. भिंतीला धरून चालायच्या. चाळिसावा तोंडावर. तो उलटला की बापाला काहीच पोचवता येणार नव्हतं, हे कुंदुझला एक क्षण विसरता येत नव्हतं.

चाळिसाव्याच्या सकाळी शेवटची लिंक जोडून झाली. तेझेकबायच्या पानाखाली एकही मूल उरलं नाही. मग तिनं ते पानच पुसलं.

"जा मेल्या," ती म्हणाली. "इथं तुझं कोणी नाही."

आतल्या खोलीतून ढेकर ऐकू आला. लांबलचक. ओला.

मग शांत.

दुपारी मांडवात सगळा गाव. मेंढ्या शिजल्या. गावचे मौलवी, आम्ही त्यांना मोल्दोके म्हणतो, दुवेला बसायच्या आधी आपांनी हट्ट धरला. सासऱ्यांच्या वाट्याचं मांडीचं हाड, मांसासकट, मोठ्या वाडग्यात घालून आतल्या खोलीत मानाच्या जागेवर ठेवायचं.

"बाई, गेलेला माणूस वाडग्यातनं जेवत नसतो," मोल्दोके म्हणाले. "दुवा पोचते, मटण नाही."

"तुम्ही दुवा पोचवा, मी मटण पोचवते," आपा म्हणाल्या.

वाडगा ठेवला. दार लावलं. किल्ली आपांच्या कमरेला.

पोळ्या तळल्या. वास आला... आणि काय सांगू, सुरेख! नुसता तळणीचा, खमंग. कुंदुझनं माझा हात घट्ट धरला. तिचे डोळे भरून आले. मोल्दोकेंनी नाव घेतलं, मरहूम सुयुनबेक. मॉस्कोतून, बिश्केकमधून फोनवर तेच नाव. आतून चावल्याचा आवाज नाही. काहीच नाही.

पाहुणे गेल्यावर आपांनी दार उघडलं.

वाडग्यात नुसतं हाड उरलेलं. मांसाचा कण नाही.

"खाल्लं!" आपा जमिनीवरच बसल्या. "पोटभर खाल्लं माझ्या माणसानं! कुंदुझ, आता मलाही वाढ गं."

इतक्या दिवसांनी आपा जेवल्या. दोनदा मागून घेतलं. कुंदुझ त्यांच्या शेजारी बसून हसत होती, रडत होती.

मी वाडगा घासायला घेतला.

तेव्हा हाड नीट दिसलं. मधोमध फोडलेलं. आतला मगज चोखून साफ केलेला. टोकांवर दातांचे खोल खड्डे, आणि सगळ्यावर ती पिवळट थुंकी, तारा सुटणारी.

दार बंद होतं. किल्ली आपांच्या कमरेला.

आणि सासऱ्यांच्या तोंडात शेवटची दोन वर्षं एकही दात नव्हता. पाव चहात भिजवून मीच भरवायचे त्यांना.

कुंदुझ मागे येऊन उभी राहिली होती. तिनं हाड पाहिलं. बाहेर आपा कोणालातरी मोठ्यानं सांगत होत्या, की गेला तो तृप्त होऊन गेला.

"वहिनी," कुंदुझ म्हणाली, "आपाला कळू द्यायचं नाही."

मी हाड चुलीत टाकलं.

आता विकीत तेझेकबाय नाही. कुंदुझ रोज तपासते. पान नाही, लिंक नाही, नावही नाही. आपा छान जेवतात, गालांवर रंग आलाय. दर गुरुवारी बंद खोलीत वाडगा ठेवतात, आणि तो रिकामा होतो. मी घासते. राखेनं घासते, सोड्यानं घासते, तरी हाताला वास राहतो.

कुंदुझ मात्र हल्ली एक करते. सगळे आत गेले की एक वाटी पातळ रस्सा घेते, त्यात पाव मऊ भिजवते, आणि गुपचूप दाराशी, चपलांपाशी ठेवून येते.

सकाळी बघितलं तर ती वाटी भरलेलीच असते.