तोतया शब्दांचं मूळ

बाभुळकरांना चार लोकांत उघडं पाडायचं, एवढ्यासाठी डॉ. अरुंधती मणेरीकरने आयुष्याची बारा वर्षं एका यंत्रात घातली. कोल्हापूरच्या तिच्या प्रयोगशाळेत देशोदेशीचे भाषाशास्त्रज्ञ यायचे, शब्दकुळमापकाची तोंडभरून स्तुती करायचे, आणि ती हसून त्यांना चहा पाजायची. स्तुतीसाठी तिने ते बनवलंच नव्हतं.

आज तिच्या संस्थेच्या भरलेल्या सभागृहात बाभुळकर स्वतः समोर येऊन बसले होते. वय झालेलं, हातात काठी, पण बोलण्यात अजून तोच रुबाब. ‘तोतया शब्द’ हा सिद्धांत त्यांच्या नावावर होता. निरनिराळ्या भाषांतले दिसायला सारखे शब्द नात्याने खरंच सोयरे की नुसते तोतये, हे ओळखायची ती पद्धत. त्यावर त्यांना मान मिळाले, पुरस्कार मिळाले, शिष्यांची फौज मिळाली.

आणि हीच पद्धत अरुंधतीच्या वडिलांनी, सदानंद मणेरीकरांनी, आपल्या प्रबंधात आधी मांडली होती. त्यांना डॉक्टरेट मिळाली, पण वर्षभराने बाभुळकरांचं पुस्तक आलं आणि तेच गाजलं. सदानंदरावांनी तक्रार केली. चौकशी समितीने निकाल दिला की हा योगायोग आहे. त्यानंतर ते खचले ते खचलेच, आणि अरुंधती शाळेत असतानाच गेले. तेव्हापासून बाभुळकर हे नाव ऐकलं की तिला घास गिळवत नसे.

ही पद्धत मुळात कोणाची, याची आज यंत्रावर जाहीर चाचणी होती. तिची अट अरुंधतीनेच सगळ्या विद्यापीठांकडून मान्य करून घेतली होती. जो चोर ठरेल त्याचं नाव पुस्तकावरून, पुरस्कारावरून, इमारतीवरून, असेल तिथून काढायचं. बाभुळकर नुसतं ‘बरं’ म्हणाले होते. त्या ‘बरं’चा तर तिला जास्तच संताप आला होता.

“दोन शब्द सारखे दिसले तर कारणं तीनच असतात,” बाभुळकर म्हणाले. “फारसी ‘बद’ आणि इंग्रजी ‘बॅड’, दोन्हींचा अर्थ वाईट, पण नातं काही नाही. निव्वळ योगायोग. ‘चावी’ आपण पोर्तुगिजांकडून उसनी घेतली. आणि मराठी ‘शिक्षा’, हिंदी ‘शिक्षा’, अर्थ पार निराळे, पण दोघींची आई एकच, संस्कृत. माझी मांडणी आणि सदानंदची मांडणी सारखी दिसते हे मला कबूल आहे. यांतलं कारण कुठलं, हे तुझं यंत्र कसं ठरवणार?”

“तुमचा तास ऐकायला बोलावलं नाही मी तुम्हाला,” अरुंधती म्हणाली. “पण विचारलंत म्हणून सांगते. माणसाच्या बोलण्याला एक वीण असते. कुठे थांबतो, कुठल्या शब्दावर जोर देतो, उदाहरण आधी देतो की नियम आधी. स्वतःला सुचलेलं बोलताना हीच वीण राहते. दुसऱ्याचं उचललेलं बोलताना ती बदलते, सदऱ्याला ठिगळ लावल्यासारखी. कानाला कळत नाही, यंत्राला कळतं. आणि ठिगळाची वीण ज्याच्या रोजच्या बोलण्याशी जुळते, त्याच्याकडून ते आलं.”

“म्हणजे मालकाच्या बोलण्यात ठिगळ नसतं.”

“नसतं. आता कळेलच तुम्हाला.”

तिचा सहकारी इम्तियाज बागवान यंत्रापाशी बसला होता. त्याच्याकडे तीन आवाज होते. बाभुळकरांची जुनी व्याख्यानं, सदानंदरावांची जुनी व्याख्यानं, आणि अरुंधतीच्या आईचा, मंदाकिनीबाईंचा, गेल्या महिन्यात टिपलेला आवाज. नवरा-बायको एकमेकांच्या बोलण्याच्या लकबी उचलतात. त्या सदानंदरावांच्या आवाजातून वजा करता याव्यात म्हणून आईचा नमुना घेतला होता. ‘काहीही बोल’ असं अरुंधतीने तिला सांगितलं होतं. मंदाकिनीबाई आता पहिल्या रांगेत स्वेटर घालून शांत बसल्या होत्या.

पडद्यावर पहिला निकाल उमटला. बाभुळकरांच्या मांडणीत ठिगळ होतं. सभागृहात कुजबुज झाली. अरुंधतीने बाभुळकरांकडे डोळे भरून पाहून घेतलं. बाबा असायला हवे होते, असं तिला फार वाटलं.

“मॅडम,” इम्तियाज हळूच म्हणाला, “सरांच्या आवाजातही ठिगळ आहे.”

“कुठल्या सरांच्या?”

“तुमच्या वडिलांच्या. आणि दोन्ही ठिगळांची वीण एकच आहे. तिसऱ्या नमुन्याची.”

“घरातला परिणाम असेल. वजा कर ना तो.”

“केला. आणि घरातला परिणाम म्हणावं, तर बाभुळकर सर तुमच्या घरी कधी राहिले? तिसऱ्या नमुन्यात तीच मांडणी आहे मॅडम, आणि त्यात ठिगळ कुठेच नाही.”

उत्तर बाभुळकरांनी दिलं. त्यांचा रुबाब उतरला होता. “एम. ए.ला आम्ही तिघं एका वर्गात होतो. मंदाने एकदा यावर निबंध वाचला होता. आम्ही दोघं ऐकायला होतो. पुढे तिचं लग्न झालं. मला वाटलं, आता तिला काय करायचंय त्याचं.”

अरुंधती आईसमोर जाऊन उभी राहिली. “तू म्हणायचीस, थोडंफार शिकलेय म्हणून.”

“तुझ्या बाबांना आवडायचं तसं म्हटलेलं.”

“त्यांना कधी जाब नाही विचारलास?”

“विचारला. म्हणाले, घरातलंच तर आहे.” मंदाकिनीबाईंचा आवाज चढला नाही. “मग बाभुळकरांनी तेच केलं, तर हे चोर चोर म्हणून ओरडत सुटले. जेवण सोडलं त्यांनी. मी रोज ताट वाढायची आणि मनात म्हणायची, कळू दे आता कसं वाटतं ते.”

“आणि मला? मला का नाही सांगितलंस?”

“तू बाबांची लेक. माझं खरं मानलं असतंस?” त्यांनी मुलीकडे सरळ पाहिलं. “तू यंत्र करायला घेतलंस तेव्हाच ठरवलं, थांबायचं. हे खोटं बोलत नाही असं तू आधी जगाला पटवून दे. मग काहीही बोल म्हणालीस, तेव्हा मी माझा निबंध बोलले.”

अरुंधतीचा राग जराही कमी झाला नव्हता. तो फक्त आता भिंतीवरच्या बाबांच्या फोटोकडे वळला होता, आणि फोटोला जाब विचारता येत नव्हता.

“बाभुळकरांचं नाव उद्यापासून निघेल,” मंदाकिनीबाई उठत म्हणाल्या. “आपल्याकडचं आत्ताच काढू या. अट तुझीच आहे ना? इम्तियाज, शिडी कुठे असते रे?”

दारावर पितळी अक्षरांत लिहिलं होतं: डॉ. सदानंद मणेरीकर शब्दकुळ संस्था. ती अक्षरं अरुंधतीने स्वतः उभं राहून बसवून घेतली होती. ती पान्हा घेऊन शिडी चढली. खाली मंदाकिनीबाईंनी दोन्ही हातांनी शिडी घट्ट धरली.

“आधी ते ‘डॉ.’ काढ,” त्या म्हणाल्या. “ते माझ्या निबंधावर मिळालेलं आहे.”