पहारेकरी का झोपला?

“माझ्या भावाला हिनेच मारायला घेतलं होतं!” आत्याबाईंनी भाचेसुनेवर बोट रोखलं. “गोळ्या हीच देते. वहिनी, शोधायचं ते आत्ता शोधा. संध्याकाळी मी पोलिसांत जाणार!”

सून पांढरीफटक पडली.

वहिनी खासगी गुप्तहेर होत्या, तरी त्यांना सगळे वहिनीच म्हणत. त्यांचे मदतनीस दीर, म्हणजे भावजी, बाजूला पेन्सिल चावत बसले होते.

आठवड्यापूर्वी आत्याबाईंचे भाऊ, शिंपीकाका, मशीनवरच कोसळले होते. त्यांच्या हृदयाचा ठेका एकाएकी बिघडे आणि रक्त ढकलायचं सोडून ते नुसतं थरथरे. म्हणून डॉक्टरांनी पूर्वीच छातीत डावीकडे एक यंत्र बसवलं होतं. ठेका बिघडला की झटका देऊन ते हृदयाला ताळ्यावर आणी. काका त्याला ‘पहारेकरी’ म्हणत. दोनदा त्याने वाचवलं. या वेळी मात्र गप्प!

“गोळ्या बरोबर आहेत,” भावजी म्हणाले. “यंत्रच बिघडलं असणार.”

“डॉक्टर म्हणतात, ठणठणीत आहे,” सून पुटपुटली.

“तू काय केलंस?” वहिनींनी विचारलं.

“छाती दाबत राहिले. ॲप्रन आड येत होता, तो ओढून फेकला. थोड्या वेळात बाबा एकदम उसळले! डोळे उघडून म्हणाले, ‘बाह्या लावायच्या राहिल्यात.’”

“त्याआधी काही वेगळं?”

“काहीतरी पीं पीं वाजत होतं. गजर समजून मी शेजारच्या घड्याळवाल्याशी भांडूनसुद्धा आले.”

“ॲप्रन नवा?”

“मी शिवला, वाढदिवसाला,” आत्याबाईंचा आवाज मऊ झाला. “टाचण्या सांडतात, वेचताना कंबर धरते बिचाऱ्याची. आता खिशाला नुसत्या टेकवल्या की झालं.”

भावजींना आपली आई आठवली. ती टाचण्या ओठांत धरून शिवायची. हाक मारली तरी नुसतं ‘हं’ म्हणायची.

इतक्यात आतून काका आले, ॲप्रन गळ्यात अडकवत. “चला, बाह्या...”

“काका, थांबा!” वहिनींनी झेप घेऊन ॲप्रन हिसकावला. जवळची एक टाचणी उचलून त्याच्या छातीवरच्या डाव्या खिशाजवळ नेली. टाचणी उडी मारून चिकटली!

“अस्तरात लोहचुंबक आहे. तो जवळ आला की हे यंत्र झटका देत नाही. पीं पीं ही यंत्राचीच तक्रार होती. सुनेने ॲप्रन फेकला, पहारेकरी जागा झाला आणि झटका बसला. म्हणून काका उसळले. तोवर रक्त फिरत ठेवलं ते हिच्या हातांनी.”

“म्हणजे मीच...” आत्याबाईंनी ॲप्रन हातात घेतला.

सुनेने कात्री त्यांच्या हातात दिली.

“खिसा तुम्हीच उसवा, आत्या. टाचण्या मी वेचत जाईन.”